घर भाड्याने देण्याआधी

‘अकरा महिन्यांचा करार केला, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतली, आता काळजी नाही.’ महाराष्ट्रात पहिल्यांदा घर भाड्याने देणाऱ्यांकडून हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. एजंट तेच सांगतो, शेजारचे काका तेच सांगतात, म्हणून ते खरे वाटते. पण भांडणाची वेळ आली की या वाक्यातला एकही भाग मालकाच्या उपयोगी पडत नाही.

अकरा महिन्यांची प्रथा आली ती १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे, असे तो कायदा म्हणतो. मग नोंदणीचा खर्च आणि हेलपाटे टाळण्यासाठी लोकांनी मुदत वर्षाच्या आत ठेवायला सुरुवात केली. महाराष्ट्रात मात्र ही वाट बंद आहे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार जागा भाड्याने देण्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. मुदत अकरा महिने असो, सहा असो की छत्तीस, त्याने काही फरक पडत नाही. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, भाडेकरूवर नाही. ती पार न पाडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण खरा धोका त्याच्या पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरले जाते आणि ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. काही हजार रुपये वाचवण्याच्या नादात मालक स्वतःचीच बाजू लंगडी करून ठेवतो.

कायदा इतका कडक का झाला, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. नव्या मालकाच्या मनातली निम्मी भीती या इतिहासातूनच आलेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि भाड्यांवर नियंत्रण आले. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. गरजूंना आसरा मिळावा हा हेतू योग्य होता, पण ते बंधन दशकानुदशके तसेच राहिले. घराचे भाडे पन्नास-शंभर रुपये आणि त्याच इमारतीच्या एका दुरुस्तीचा खर्च हजारोंत, अशी स्थिती आली. मालकांनी दुरुस्ती सोडून दिली, पागडी वाढली, चाळी खचत गेल्या. १९६९ साली सरकारला मोडकळीस आलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र कायदा करून मंडळ नेमावे लागले. १९९७ च्या अखेरीस मालपे विश्वनाथ आचार्य खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली प्रमाण भाड्याची तरतूद अवाजवी ठरली असल्याचे सांगितले. त्यानंतर १९९९ चा कायदा आला.

भाडी गोठलेली होती त्या काळात मालकांनी स्वतःची एक वाट शोधली होती. भाडेपट्ट्याने जागेत भाडेकरूचा हक्क तयार होतो; १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तसे आहे. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यातला परवाना, म्हणजे लायसन्स, फक्त वापरण्याची मुभा देतो, जागेत हक्क देत नाही. म्हणून मालक भाडेकरूऐवजी परवानाधारक ठेवू लागले. १९७३ साली सरकारने १९४७ च्या कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारानुसार ताब्यात असलेल्या परवानाधारकांना थेट भाडेकरूचा दर्जा दिला. एका तारखेने हजारो घरांचे नाते बदलले. ‘भाडेकरू ठेवला की घर गेले’ ही आपल्या आजी-आजोबांची धास्ती त्या तारखेतून आली आहे. ती वेडगळ नव्हती. त्यांच्या डोळ्यांदेखत तसे झाले होते.

आजची स्थिती वेगळी आहे, तरी ती धास्ती मागे उरली आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. एकीकडे गावाहून आलेली मुले-मुली एका खोलीत चार-चार जण राहतात आणि दुसरीकडे सुस्थितीतले फ्लॅट वर्षानुवर्षे कुलूपबंद असतात. मला हे खटकते. याच भीतीचे एक भावंड म्हणजे ‘बारा वर्षे राहिला की घर त्याचे’ हा समज. मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांची तरतूद आहे खरी, पण ती मालकाचा हक्क झुगारून, उघडपणे आणि सलग जागा बळकावणाऱ्यासाठी आहे. जो मालकाच्या परवानगीने, करार करून, दरमहा पैसे देऊन राहतो, त्याचा ताबा त्या तरतुदीत बसत नाही. कराराचे वेळेवर नूतनीकरण केले, बँकेत भाडे येत राहिले, तर पंधरा वर्षे राहणारा भाडेकरूही त्या आधारावर मालक होत नाही.

नोंदणी आता अवघड राहिलेली नाही. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन सोयीमुळे लिव्ह अँड लायसन्सचा करार आधार क्रमांक, अंगठ्याचा ठसा आणि फोटो यांच्या आधारे घरबसल्या नोंदवता येतो. अधिकृत सेवा देणारे लोक यंत्र घेऊन घरी येतात. मालमत्तेचा पुरावा म्हणून इंडेक्स टू, मिळकतकराची पावती किंवा वीजबिल, दोघांचे आधार व पॅन आणि दोन साक्षीदार एवढे हाताशी ठेवले की काम होते. मुद्रांक शुल्क अगदी कमी आहे. संपूर्ण मुदतीचे भाडे आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांची बेरीज करून तिच्या ०.२५ टक्के. म्हणजे २०,००० रुपये भाडे, एक लाख डिपॉझिट आणि अकरा महिने मुदत असेल तर हिशेब पावणेसहाशेच्या आसपास येतो. तोच करार तीन वर्षांचा केला तर १,८७५ रुपये. शिवाय नोंदणी शुल्क महापालिका क्षेत्रात हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. एजंट नोंदणीच्या नावाखाली यापेक्षा बरेच जास्त मागत असेल, तर त्यात शासनाचे किती आणि त्याचे किती हे विचारून घ्यावे. मुद्रांक शुल्काची ही सवलतीची पद्धत साठ महिन्यांपर्यंतच्या करारालाच लागू होते. भाडेकरू टिकणारा वाटत असेल तर दर अकरा महिन्यांनी पुन्हा सगळे करण्यापेक्षा दोन किंवा तीन वर्षांचा करार करून त्यात दरवर्षी किती टक्के भाडेवाढ हे लिहून टाकणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

नोंदणीकृत करारामुळे मालकाच्या हाती काय येते, हे १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. राहण्यासाठी परवान्याने दिलेल्या घराची मुदत संपली आणि राहणारा हलला नाही, तर मालकाला दिवाणी न्यायालयाच्या लांबच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. त्याच कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी करारात जे लिहिले आहे ते तिथे निर्णायक पुरावा मानले जाते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत राहणाऱ्याने बचावाची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य धरून आदेश होतो. त्या आदेशावर अपील नाही, फक्त फेरतपासणीचा अर्ज आहे. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. प्रत्यक्षात तारखा लांबतात हे खरे, पण करार नोंदवलेल्या मालकासाठी हा मार्ग तरी सरळ आहे. दुकान किंवा ऑफिस परवान्याने दिले असेल, तर हा जलद मार्ग उपलब्ध नाही, हे व्यावसायिक जागा देणाऱ्यांनी आधीच ध्यानात ठेवावे.

कायद्याच्या मार्गाशिवाय दुसरा मार्ग नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. भाडे थकले म्हणून पाणी बंद करणे, मीटरची तार काढणे, भाडेकरू बाहेर गेल्यावर कुलूप बदलणे, ‘चार पोरे पाठवणे’ हे सारे बेकायदा आहे. असे केले की थकबाकीदार राहतो बाजूला आणि पोलीस ठाण्यात उत्तरे द्यायला मालक उभा राहतो.

आता पैशांकडे वळू. घर भाड्यासाठी विकत घ्यावे का, हा प्रश्न आणि असलेले रिकामे घर भाड्याने द्यावे का, हा प्रश्न, हे दोन अगदी वेगळे आहेत. लोक त्यांची गल्लत करतात आणि बिल्डरच्या ऑफिसातला विक्रेता ती गल्लत वाढवतो. तो भाड्याला घराच्या किमतीने भागून टक्केवारी दाखवतो. खरा हिशेब तसा होत नाही.

पुण्याच्या उपनगरातला साठ लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊ आणि भाडे महिना १८,००० धरू. वर्षाचे २,१६,०००, म्हणजे ३.६ टक्के. आपल्याकडच्या मोठ्या शहरांत घरभाड्याचे उत्पन्न किमतीच्या साधारण दोन ते चार टक्क्यांत खेळते, तेव्हा हा आकडा वाईट नाही. पण घर साठ लाखांत पडलेले नसते. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार, मग पंखे, गीझर, स्वयंपाकघरातली कपाटे. पासष्ट लाखांपर्यंत सहज जाते. बांधकाम चालू असताना घेतले तर वर जीएसटी. आता खर्च बघा. सोसायटीचा मेंटेनन्स महिना २,५०० धरला तर वर्षाचे ३०,०००. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत हा आकडा कुठवर जाईल हे तिथले सभासदच जाणतात. भाड्याच्या घरासाठी सोसायटी घेते ते शुल्क अडीच हजार. मिळकतकर दहा हजार. त्यातही पुणे महापालिका क्षेत्रात स्वतः राहणाऱ्या मालकाला जी ४० टक्के सवलत मिळते, ती घर भाड्याने दिले की जाते, हे अनेकांना पहिले बिल आल्यावर कळते. दोन भाडेकरूंच्या मधे घर महिनाभर रिकामे राहते, ते १८,०००. एजंटचे एक महिन्याचे भाडे दोन वर्षांवर वाटले तर ९,०००. रंग, नळ, ओल, मोटार यांसाठी वर्षाला १२,००० बाजूला ठेवावेतच. बेरीज ८१,५०० होते. हातात राहतात १,३४,५००, म्हणजे पासष्ट लाखांवर दोन टक्क्यांच्या जेमतेम वर. आणि हे आयकराआधी.

यात कर्ज घातले की चित्र आणखी बदलते. साठ लाखांपैकी ४८ लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ४१,६०० च्या पुढे जातो. भाडे १८,०००. उरलेले साडेतेवीस हजार दरमहा पगारातून घालायचे, शिवाय वरचे सगळे खर्च. ‘भाड्यातून हप्ता सुटेल’ हे आज महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत जवळजवळ कुठेच खरे नाही. किंमत वाढेल या आशेवर कोणी घेत असेल तर तो किमतीवरचा जुगार आहे, भाड्याचा व्यवसाय नव्हे, आणि तसे समजूनच घ्यावे. माझे मत स्पष्ट आहे: कर्ज काढून केवळ भाड्यासाठी दुसरा फ्लॅट घेणे पगारदार कुटुंबाने टाळावे. पण घर आधीच असेल, वडिलोपार्जित असेल, बदलीमुळे रिकामे झाले असेल, कर्ज फिटले असेल, तर ते बंद ठेवण्याला काहीच अर्थ नाही. मेंटेनन्स आणि मिळकतकर तर कुलपाआडही चालूच राहतात.

आयकराचे गणित नव्या मालकाला वाटते त्यापेक्षा सोपे आहे. वर्षाच्या भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो. उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा मिळते, त्यासाठी एकही पावती लागत नाही. पण त्याचबरोबर रंगकाम, मेंटेनन्स, दुरुस्ती यांचे बिल वेगळे दाखवता येत नाही. ते त्या ३० टक्क्यांतच आले. वरच्या उदाहरणात २,१६,००० मधून १०,००० गेले, उरलेल्याचे ३० टक्के म्हणजे ६१,८०० गेले, करपात्र राहिले १,४४,२००. गृहकर्जाचे व्याज यातून वजा होते, आणि पहिल्या वर्षी ते चार लाखांच्या घरात असल्याने हिशेब तोट्यात जातो. जुन्या करपद्धतीत या तोट्यापैकी दोन लाखांपर्यंत रक्कम पगारातून वजा करता येते. नव्या पद्धतीत, जी आता आपोआप लागू होणारी पद्धत आहे, तसे करता येत नाही. दुसऱ्या घरावर ‘टॅक्स वाचतो’ म्हणून कर्ज घ्यायला सांगणाऱ्याला आधी विचारा की तो कोणत्या पद्धतीबद्दल बोलतो आहे. घर पती-पत्नीच्या नावावर निम्मे-निम्मे असेल तर उत्पन्नही तसेच विभागले जाते. आणि दोनच घरे स्वतःच्या राहण्याची म्हणून शून्य उत्पन्नाची धरता येतात. तिसरे बंद ठेवले तरी त्यावर काल्पनिक भाडे धरून कर लागतो.

पॅन देण्यावरून नेहमी एक वाद होतो. वर्षाला एक लाखाहून अधिक भाडे देणारा नोकरदार घरभाडे भत्त्याची सूट घेताना मालकाचा पॅन देतो. काही मालक तो द्यायला नकार देतात, किंवा ‘अर्धे रोख दे’ म्हणतात. हे चुकीचे आहे आणि आजकाल पकडलेही जाते. भाडे महिना ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूला त्यातून कर कापून सरकारजमा करावा लागतो. व्यक्ती किंवा कुटुंब भाडेकरू असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून हा दर २ टक्के आहे.

परदेशात स्थायिक झालेल्या, पण पुणे-ठाणे-नाशिकला फ्लॅट असलेल्या मराठी मंडळींसाठी नियम निराळे आहेत. मालक अनिवासी असेल तर भाडे कितीही लहान असो, भाडेकरूने ३० टक्के आणि त्यावरचा उपकर कापायचा असतो. दहा हजार भाड्याच्या घरालाही हे लागू आहे आणि बहुतेक भाडेकरूंना ते ठाऊक नसते. कर कापला नाही तर अडचणीत भाडेकरू येतो, म्हणून प्रामाणिक मालकाने हे आधीच सांगावे. जादा कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागता येतो. भाडे अनिवासी सामान्य खात्यात, म्हणजे एनआरओ खात्यात घ्यावे. करारावर सही करायला येता येत नसेल तर भावाला नुसते व्हॉट्सअॅपवर ‘तू कर’ सांगून चालत नाही. रीतसर कुलमुखत्यारपत्र लागते. ते परदेशात केले असेल तर भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल करून घ्यावे आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावे.

सोसायटीशी होणारे खटके बहुतेक अज्ञानातून होतात. भाड्याने दिलेल्या घरासाठी सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क मनमानीने लावता येत नाही. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि महापालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नाहीत. मुंबई उच्च न्यायालयानेही ही मर्यादा उचलून धरली आहे. घरात मुले, आई-वडील असे जवळचे नातलग राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही. नमुना उपविधींप्रमाणे घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी नको. आगाऊ कळवून कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. पण हक्क आपल्या बाजूने आहे म्हणून समितीशी वाकड्यात शिरू नये. पार्किंग कुणाचे, लिफ्टने सामान कधी न्यायचे, कचरा कुठे, हे भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगितले तर निम्मी भांडणे होत नाहीत. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे मात्र टाळू नये. बहुतेक शहरांत पोलीस आयुक्तांचे तसे आदेश असतात आणि ते न पाळल्यास गुन्हा मालकावर नोंदला जातो. हे काम आता ऑनलाइन काही मिनिटांत होते. घरावर कर्ज असेल तर बँकेच्या करारात भाड्याबद्दल काय अट आहे तेही वाचावे. म्हाडा, सिडको किंवा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतले घर असेल तर वाटपाच्या अटी आधी तपासाव्यात. त्या सर्वांना सारख्या नसतात.

भाडेकरू कसा निवडावा? इथे मला कळकळीने बोलायचे आहे. ‘कुटुंबच हवे’, ‘नोकरी करणाऱ्या एकट्या मुली नकोत’, ‘मांसाहारी नकोत’, आणि आडनाव विचारून गप्प होणे, हे आपल्या शहरांत सर्रास चालते. घर आपले आहे, निवडही आपली आहे, पण जात-धर्म पाहून दार बंद करणे हा अन्याय आहे, आणि त्याने घर सुरक्षित होते असेही नाही. भाडे वेळेवर येईल का, हे आडनावावरून कळत नाही. ते कळते नोकरीचे पत्र पाहून, तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या पाहून, आधीच्या घरमालकाला एक फोन करून. भाडे उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर ते साधारण निभते. आधीच्या मालकाशी बोलताना ‘माणूस कसा आहे’ एवढेच न विचारता ‘डिपॉझिटमधून किती कापावे लागले’ हे विचारावे. त्या उत्तरात सगळे येते. भाडेकरूलाही तुमच्याबद्दल विचारण्याचा तितकाच हक्क आहे. आधीच्या भाडेकरूचा नंबर बिनदिक्कत देऊ शकणारा मालक विरळा, पण तोच चांगला.

करारात काय लिहावे यावर वकील पानेच्या पाने काढून देतात. वाद मात्र ठरावीक गोष्टींवरूनच होतात. नोटीस किती दिवसांची आणि ती दोघांनाही सारखी लागू आहे का. पहिले सहा महिने सोडून जायचे नाही अशी अट असेल, तर ती मोडल्यास नेमके किती द्यायचे. मेंटेनन्स कोण भरणार. गीझर जळला, सिंकखाली गळू लागले, तर खर्च कुणाचा. माझ्या मते वापरात होणारी छोटी झीज भाडेकरूची आणि भिंत, नळजोडणी, वायरिंग यांची मोठी दुरुस्ती मालकाची, हे सूत्र न्याय्य आहे. वीजबिल बहुधा मालकाच्याच नावावर राहते, म्हणून किल्ली देताना आणि घेताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढावा. पाइप गॅस असेल तर त्याचाही. प्रत्येक खोलीच्या भिंती, ओट्याचा दगड, बाथरूमच्या फरश्या, पंखे, चावीचे संच यांचे फोटो दोघांनी मिळून काढून एकमेकांना पाठवावेत. कराराला वस्तूंची यादी जोडली आणि तिच्यावर दोघांच्या सह्या असल्या की पुढे स्मरणशक्तीवर भांडायची वेळ येत नाही.

सगळ्यात जास्त कटुता होते ती डिपॉझिटवरून. केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचवली आहे, पण तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही आणि आपल्याकडे व्यवहार १९९९ च्या कायद्यावर चालतो. त्यामुळे डिपॉझिट बाजार ठरवतो. मुंबईत तर ‘हेवी डिपॉझिट’ची रीत आहे: काही लाख रुपये एकरकमी घ्यायचे आणि महिन्याचे भाडे नाममात्र किंवा शून्य. मालकाला ती रक्कम हातात आल्यासारखी वाटते आणि तो ती मुलाच्या शिक्षणात, लग्नात, दुसऱ्या घराच्या बुकिंगमध्ये घालतो. भाडेकरू निघतो तेव्हा पैसे नसतात. मग नवा भाडेकरू येईपर्यंत जुन्याला ताटकळत ठेवले जाते. जुना म्हणतो, पैसे मिळेपर्यंत किल्ली देणार नाही. चांगल्या नात्याचा शेवट असा होतो. डिपॉझिट हे मालकाचे उत्पन्न नाही, ते दुसऱ्याचे पैसे आहेत.

म्हणून नव्या मालकाला एवढीच विनंती. डिपॉझिट बँकेतूनच घ्या, आले त्या दिवशी मुदत ठेवीत टाका आणि त्याला हात लावू नका. भाडेकरू निघण्याच्या आठवडाभर आधी घर दोघांनी मिळून पाहा, जे कापायचे त्याचे बिल दाखवा, रंगाच्या नावाखाली सरसकट एक महिना कापू नका, आणि किल्ली हातात येताच उरलेली रक्कम त्याच्या खात्यात जमा करा.